‘राहू दे’ कोणी म्हणायचं?

रमजानच्या महिन्यात बेकरीला रोज एकदा भरती येते. असरची नमाज झालेली असते आणि मगरिबच्या अजानला, म्हणजे रोजा सोडायला, तासाभराचा अवकाश असतो, त्या वेळी. मिरजेत दर्गा परिसरात किंवा लक्ष्मी मार्केटच्या आसपास तेव्हा फिरून पाहा. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाच्या लाद्या, पत्र्यांवर रचलेली खारी, काचेच्या बरण्यांत नानखटाई आणि समोर माणसांचा घोळका. त्याला रांग म्हणायचं ते केवळ सौजन्य म्हणून. त्यात रोजेदार असतात, ड्यूटी संपवून निघालेल्या नर्सताई असतात, सकाळच्या चहासाठी बटर आणि टोस्ट नेणारे काका असतात आणि आईनं पाचशेची नोट मुठीत देऊन पाठवलेली पोरंही असतात.

या गर्दीत दर अर्ध्या मिनिटाला एक गणित सोडवलं जातं. चार जिनसांची बेरीज करायची, दिलेल्या नोटेतून ती वजा करायची आणि उरलेली रक्कम परत करायची. तिसरी-चौथीच्या पुस्तकात असतं तेच गणित. पण पुस्तकात उत्तर चुकलं तर फार तर एक गुण जातो. इथे चुकलं तर कुणाचे तरी पैसे जातात, आणि ज्याचे जातात त्याला ते कळतच नाही. म्हणून या छोट्या गणिताबद्दल जरा सविस्तर बोलूया.

एक साधा हिशेब

दर प्रत्येक बेकरीचे वेगळे असतात, तेव्हा आपण सोयीचे धरू. एक बाई म्हणतात, “चाचा, बारा पाव, पाव किलो खारी, अर्धा किलो टोस्ट आणि पाऊण किलो नानखटाई द्या.” पाव चार रुपयांना एक. खारी 240 रुपये किलो, टोस्ट 180 रुपये किलो, नानखटाई 360 रुपये किलो.

बारा पाव म्हणजे सहा-सहाच्या दोन लाद्या, बारा चोक अठ्ठेचाळीस. पाव किलो खारी म्हणजे 240 चा चौथा हिस्सा, 60. अर्धा किलो टोस्टचे 90. पाऊण किलो नानखटाईसाठी 360 चे आधी अर्धे 180, मग त्याच्या अर्धे 90, दोन्ही मिळून 270. आता 48, 60, 90 आणि 270 यांची बेरीज करायची.

मुरलेला दुकानदार हे आकडे आले त्या क्रमानं मांडत नाही. तो 48 ला 50 धरतो आणि दोन रुपये मनात बाजूला ठेवतो. 50 आणि 60 झाले 110. त्यात 90 घातले की नेमके 200. त्यात 270, म्हणजे 470. बाजूला ठेवलेले दोन काढले की 468. कागद नाही, पेन्सिल नाही. जोडी जमेल असे आकडे आधी गाठायचे आणि अडचणीचा आकडा गोल करून शेवटी दुरुस्त करायचा, एवढंच त्याचं तंत्र.

हे तंत्र आपल्या भाषेतच दडलेलं आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. उर्दूतही तेच आहे, ‘उनचास’ आणि ‘उनहत्तर’. आकड्याचं नावच सांगतं की वरच्या दशकापर्यंत जा आणि एक मागे ये. दुकानदाराचं डोकं वेगळं काही करत नाही.

पाव किलो आणि बारा पाव

वरच्या ऑर्डरमध्ये ‘पाव’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. खायचा पाव आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि मोजायचा पाव, म्हणजे चौथा हिस्सा, आपल्या मातीतला. तो मराठीतही आहे आणि उर्दूतही. परक्या माणसाला ‘पाव किलो पाव’ ऐकून चक्कर येईल. आपल्याकडे पहिलीतलं पोरही गोंधळत नाही.

पूर्वी शाळेत फक्त दोन ते तीस असे पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. उर्दू मदरशांतून आणि शाळांतून हेच पाढे पव्वा, अद्धा, पौना, सवैया, डेवढा, ढाया अशा नावांनी घोकले जात. नावं वेगळी, हिशेब एक. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कित्येक दुकानदारांच्या डोक्यात हे पाढे अजून जागे आहेत. पाऊण किलोचा भाव विचारला की त्यांना गुणाकार करावा लागत नाही, उत्तर आधीच ओठांवर असतं.

या पाढ्यांना आधार होता तो जुन्या नाण्यांचा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे एका रुपयाच्या 192 पै. सोळा या आकड्याची गंमत अशी की तो निम्म्यानं तोडत गेलं तरी तुटत नाही. अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, पाऊण रुपया बारा आणे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हिशेब दशमान झाला. 1964 मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळाला. चार आण्याचं, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली. तरी ‘बारा आणे’ आणि ‘सोळा आणे खरं’ हे शब्द बोलण्यात टिकून राहिले. नाणं बंद करता येतं, मोजायची सवय बंद करता येत नाही.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. ‘हिशेब’, ‘रक्कम’, ‘जमा’, ‘बाकी’, ‘वजन’ हे सगळे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. ‘खुर्दा’ आणि ‘तराजू’ फारसी. ‘वजाबाकी’ या अस्सल मराठी वाटणाऱ्या शब्दाचे तर दोन्ही तुकडे अरबी आहेत. उर्दू शाळेत मात्र तिला ‘तफ्रीक’ म्हणतात. म्हणजे मराठी पोर अरबी शब्दांनी वजाबाकी करतं आणि उर्दू शाळेतलं पोर दुसऱ्या अरबी शब्दानं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे. आणि बेरीज करायला बसलं की मराठी काय, उर्दू काय, सगळेच उजव्या हाताच्या एककापासून सुरुवात करतात. दोन्ही लिपी शिकवताना मला ही गोष्ट फार आवडते.

किलोचा भाव, ग्रॅमची खरेदी

नेहमीच पाव-पाऊण असं सोपं माप नसतं. कुणी म्हणतं, “साडेतीनशे ग्रॅम नानखटाई द्या.” हजार ग्रॅमचे 360, तर 350 ग्रॅमचे किती? यालाच त्रैराशिक म्हणतात. तीन राशी माहीत, चौथी काढायची. शंभर ग्रॅमचे 36. तीनशेचे 108. उरलेल्या पन्नासचे 18. एकूण 126.

या त्रैराशिकाचा प्रवास आपण सर्वांनी अभिमानानं सांगावा असा आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त ते शिकवलं. त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. पुढे 1587 मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं ‘लीलावती’ फारसीत आणली. त्याही आधी, नवव्या शतकात, बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीनं बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात वारसाहक्काच्या वाटणीबरोबर खरेदी-विक्रीच्या हिशेबावरही वेगळं प्रकरण आहे. माप, भाव, हवा असलेला माल आणि त्याची किंमत या चार राशींचा मेळ त्यानं तिथे मांडला. हिंदुस्थानी अंक अरब जगाला समजावून सांगणाराही तोच, आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. म्हणजे बेकरीवाला साडेतीनशे ग्रॅमचे 126 रुपये सांगतो तेव्हा त्यामागे उज्जैन, बगदाद, पाटण आणि आग्रा अशी मोठी पेठ उभी असते. तिथे कुणी कुणाला आकडा नाकारला नव्हता.

सुट्टे परत देण्याची रीत

आता बाईंनी पाचशेची नोट पुढे केली. 468 झाले. किती परत?

कॉलेजातली मुलं इथे खिशातून मोबाइल काढतात. शाळेची पद्धत म्हणते, उसना घ्या: शून्यातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडे मागा, त्याच्याकडेही शून्य, म्हणून त्याच्याही शेजाऱ्याकडे. उत्तर बरोबर येतं, पण गर्दीत या उसनवारीत पाय अडकतो. दुकानदार वजाबाकी करतच नाही. तो 468 पासून पाचशेपर्यंत चढत जातो. दोन रुपयांचं नाणं ठेवून म्हणतो, “चारशे सत्तर.” दहाची नोट ठेवतो, “ऐंशी.” विसाची ठेवतो, “आणि हे पाचशे, ताई.” दोन, दहा आणि वीस, बत्तीस रुपये परत गेले. बत्तीस हा आकडा त्यानं उच्चारलाही नाही.

या रीतीतली खरी गोष्ट वेगापेक्षा वेगळी आहे. इथे हिशेब एकट्या दुकानदाराच्या डोक्यात राहत नाही. तो दोघांच्या मध्ये, काउंटरवर, मोठ्यानं होतो. बाईंना लिहिता-वाचता येत नसलं तरी त्या प्रत्येक पायरी पाहू शकतात, ऐकू शकतात. बत्तीस रुपयांची चुरगळलेली गुंडी हातात कोंबून “पुढचं कोण?” म्हणणं आणि एकेक नाणं मोजत पाचशेपर्यंत नेणं, दोन्हींत बाईंना मिळणारे पैसे सारखेच. मान मात्र सारखा नाही.

जुने लोक आणखी एक पथ्य पाळतात. नोट हातात येताच “पाचशे दिले” असं म्हणतात आणि सुट्टे देऊन होईपर्यंत ती गल्ल्यात टाकत नाहीत, काउंटरवर वजनाखाली ठेवतात. “मी पाचशे दिले होते”, “नाही, दोनशे होते” हा वाद मग जन्मालाच येत नाही.

सुट्टे नसतील तर? तेव्हाही गणितच मदतीला येतं. दुकानदार विचारतो, “ताई, अठरा रुपये आहेत का?” बाई 518 देतात, 468 वजा जातात, आणि एक पन्नासची नोट परत येते. आठच असले तर 508 मधून 468 गेले, विसाच्या दोन नोटा. तीन असले तरी चालतात, मग पस्तीस परत. जास्तीचे पैसे का मागतोय असं नवख्याला वाटतं, पण दोघांचाही खुर्दा वाचतो.

आपल्या नोटा-नाण्यांची मांडणीही याच सोयीची आहे. एक, दोन, पाच, मग दहा, वीस, पन्नास, मग शंभर, दोनशे, पाचशे. एक-दोन-पाचच्या या साखळीत कुठलीही रक्कम थोड्या तुकड्यांत देता येते. ऑगस्ट 2017 पर्यंत साखळीतली एक कडी नव्हती, शंभरनंतर थेट पाचशे होते. दोनशेची नोट आली आणि ती भरली. पाचशेतून नव्वदचा माल घेतला तर 410 परत द्यायचे. पूर्वी शंभराच्या चार आणि दहाची एक असे पाच तुकडे लागत, आता दोनशेच्या दोन आणि दहाची एक अशा तीन नोटांत काम होतं. दहाच्या नाण्याबद्दल मात्र अजून कुठे कुठे नाक मुरडलं जातं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. ते नाकारणं म्हणजे समोरच्याचा खरा पैसा खोटा ठरवणं.

पैसे गळतात कुठे?

गर्दीच्या हिशेबात गळती ठरावीक जागीच होते. त्या जागा माहीत असाव्यात.

पहिली जागा म्हणजे आकड्यांची अदलाबदल. 468 चे 486 होतात. मराठी आणि उर्दू दोन्हींत ही चूक सहज घडते, कारण आपण ‘अडुसष्ट’ किंवा ‘अडसठ’ म्हणताना आठ आधी उच्चारतो आणि सहा नंतर. लिहिणारा हात ऐकलेल्या क्रमानं चालला की संपलं. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘साठ आठ’ असं म्हणण्याचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, तो याच अडचणीवरून. मुनीम लोकांकडे या चुकीवर एक जुनी कसोटी आहे. हिशेबातला फरक नऊनं भागला जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडले असावेत असा संशय घ्यायचा. 486 आणि 468 मधला फरक 18. 270 चे चुकून 720 झाले तर फरक 450. दोन्ही नऊच्या पाढ्यातले. दशकातला आकडा एककात घसरला की दहाचा एक होतो आणि प्रत्येक घसरणीला नऊ हरवतात, म्हणून असं होतं.

दुसरी जागा खोक्याची. नानखटाई पुठ्ठ्याच्या खोक्यासकट काट्यावर ठेवली आणि खोकं चाळीस ग्रॅमचं असलं, तर 360 च्या भावानं 14 रुपये 40 पैसे पुठ्ठ्याला गेले. कायद्यानं वजन निव्वळ मालाचं हवं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामं खोकं ठेवून आकडा शून्यावर आणायचं बटण असतं. ते दाबायला एक सेकंद लागतो. गिऱ्हाइकानं “चाचा, खोकं वजा करा” म्हणण्यात काहीच उद्धटपणा नाही.

तिसरी जागा सगळ्यांच्या ओळखीची. दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवली जाते. गोळी वाईट नसते, पण ती मागितलेली नसते. रोज दोन रुपये धरले तर तीस रोज्यांचे साठ होतात. आपल्या वरच्या दरानं ती पाव किलो खारी झाली. आणि हीच गोळी दुसऱ्या दिवशी दोन रुपयांऐवजी दुकानदाराला द्यायला गेलं तर ती तो घेतो का? घेत नसेल तर ते चलन नव्हतं.

मोठ्या हिशेबाच्या महिन्यातला छोटा हिशेब

हे सारं रमजानमध्ये कशाला, असं कुणी विचारेल. कारण हा महिना उपवासाइतकाच हिशेबाचाही आहे. ज्यांच्याकडे ठरावीक मर्यादेच्या वर संपत्ती वर्षभर शिल्लक राहते ते अनेक जण याच महिन्यात जकात काढतात. चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभराला अडीच रुपये. चाळीस हजारांना एक हजार. जुन्या मापात सांगायचं तर मणाला शेर, कारण मणाचे शेर चाळीसच. शिवाय ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फित्रा द्यायचा, गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून. घराघरांत या दिवसांत वह्या उघडतात, सोनं तोललं जातं, आकड्याला आकडा ताडून पाहिला जातो.

त्याच माणसानं संध्याकाळी बेकरीत कुणाचे दोन रुपये “जाऊ दे” म्हणून ठेवून घेतले तर सकाळच्या वहीला काय अर्थ उरला? कुरआनातल्या 83 व्या सूऱ्याचं नावच मापात काटछाट करणाऱ्यांवरून पडलं आहे. घेताना पुरेपूर मोजून घ्यायचं आणि देताना कमी द्यायचं, हा तिथे सांगितलेला दोष आहे. सबंध कुरआनातली सर्वांत लांब आयत दुसऱ्या सूऱ्यात आहे आणि ती देण्याघेण्याच्या नोंदीबद्दल आहे: उधारी लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. बेकरीतल्या उधारीच्या वहीला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

इस्लामी विचारात हक्कांचे दोन भाग मानतात. एक अल्लाहचे हक्क आणि दुसरे माणसांचे, ज्यांना हुकूकुल इबाद म्हणतात. पहिल्यात उणीव राहिली तर तौबा करून अल्लाहकडे माफी मागता येते. दुसऱ्यात राहिली तर ज्याचा हक्क बुडाला त्यानंच माफ करायला हवं. आणि तो माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या गल्लीतला, हा प्रश्न तिथे येत नाही. बत्तीस रुपये बाईंचे आहेत, एवढंच पुरेसं आहे.

म्हणून ‘राहू दे’ हा शब्द कोणी उच्चारायचा, याला मी महत्त्व देते. ज्याचे पैसे आहेत त्यानं म्हटलं तर ते औदार्य. ज्याच्याकडे ते राहणार आहेत त्यानं म्हटलं तर ती वसुली. तुकोबांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला असं परंपरा सांगते. ती खतं त्यांच्या हक्काची होती, म्हणून तो त्याग ठरला. दुसऱ्याचं खत बुडवणाऱ्याला संत कुणी म्हणत नाही. आणि माफ करायचं तरी आधी आकडा माहीत लागतो. हिशेबच न करता केलेली माफी ही बहुतेक वेळा आळस असते किंवा भीड.

ही भीड आपल्याकडे फार आहे. पैसे मोजून घेतले तर दुकानदाराला वाईट वाटेल, ओळखीचं माणूस आहे, इफ्तारची घाई आहे. खरं तर मोजून घेणं हा अविश्वास नाही. माझी अम्मी चाळीस वर्षं एकाच बेकरीतून पाव आणत होती आणि रोज सुट्टे मोजून घेत होती. तिथले चाचाही ती मोजून होईपर्यंत थांबत. दोघांच्या नात्याला त्यानं कधी ओरखडा आला नाही. कदाचित म्हणूनच ते चाळीस वर्षं टिकलं.

उलट बाजूही विसरू नये. गर्दीत कधी गिऱ्हाइकाला जास्तीचे पैसे येतात. बत्तीसऐवजी बावन्न. “दुकानदाराचं काय जातंय, दिवसभर कमावतो,” असं म्हणून ते खिशात जातात. पण रात्री गल्ला जुळवताना वीस रुपये कमी भरतात आणि बऱ्याच ठिकाणी ते काउंटरवरच्या पोराच्या पगारातून कापले जातात. पहाटे भट्टीवर उभा राहून संध्याकाळी काउंटर सांभाळणारा, बहुतेकदा परमुलखातून आलेला पोरगा. रोजा तोही धरतो, आणि मगरिबच्या वेळी एक खजूर तोंडात टाकून दुसऱ्या हातानं पाव बांधत असतो. ते वीस रुपये त्याचे असतात.

यंत्र बोलतं, पण किती?

हल्ली निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलनं पैसे देतात. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि सुट्ट्यांचं दुखणं बरंच कमी झालं. 468 झाले तर नेमके 468 जातात. ना गोळी, ना घासाघीस. हे चांगलंच आहे. काउंटरवरचा छोटा डबा मोठ्यानं सांगतो, “चारशे अडुसष्ट रुपये प्राप्त झाले.” मला त्यात गंमत वाटते. “पाचशे दिले” म्हणून मोठ्यानं बोलायची जी रीत माणसांनी सोडली, ती यंत्रानं उचलली.

पण हा डबा फक्त काय आलं ते सांगतो. काय यायला हवं होतं, ते त्याला ठाऊक नाही. बेरीज चुकून 486 झाली आणि तुम्ही तेवढे पाठवले, तर तो तितक्याच आनंदानं 486 ची दवंडी पिटेल. खोक्याचं वजन धरलं की वगळलं, तेही त्याला माहीत नाही. सुट्ट्यांची वजाबाकी यंत्रानं संपवली, बेरीज अजून आपल्याकडेच आहे. शिवाय सगळ्यांकडे मोबाइल नाही. मजुरीची नोट घेऊन आलेला माणूस, पेन्शन घेऊन निघालेली आजी, मुठीत पाचशे धरलेलं पोर, हे रोखीनंच येतात. ज्यांना दोन रुपयांनी फरक पडतो तेच बहुधा रोखीनं येतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

नानखटाई आपल्या गावांत दोन्हीकडची आहे. दिवाळीच्या आधी घरी मळलेलं पीठ डब्यात घालून बेकरीत भाजायला नेणाऱ्या वहिनी आणि ईदच्या आधी तसाच डबा नेणाऱ्या आपा एकाच भट्टीपुढे उभ्या राहतात, भाजायची मजुरी एकाच गल्ल्यात देतात. आपल्या शहराचं शेजारपण भाषणांपेक्षा अशा गल्ल्यांवर जास्त टिकून आहे. तिथे रोज शेकडो वेळा एक अनोळखी माणूस दुसऱ्याला पुरते पैसे मोजून देतो आणि दुसरा ते मोजून घेतो.

या रमजानमध्ये एक करून पाहा. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला चार जिनसांची यादी आणि एक नोट देऊन बेकरीत पाठवा. निघण्यापूर्वी अंदाजे किती होतील ते त्यालाच सांगू द्या. परत आल्यावर सुट्टे तुम्ही मोजू नका, त्याला काउंटरवरच्यासारखे मोठ्यानं मोजू द्या, 468 पासून 500 पर्यंत. रक्कम कमी भरली तर त्याला परत पाठवा, आणि जास्त भरली तर अजान व्हायच्या आत पाठवा.